आईच्या रकान्यातलं शून्य

लग्नपत्रिकेवरचा नकाशा चुकला असेल तर सर त्या लग्नाला जात नसत. आहेर मात्र पाठवत, आणि आहेराबरोबर ती पत्रिकाही परत जाई, लाल पेनानं दुरुस्त केलेली. 'कार्यालय रेल्वे गेटच्या अलीकडे दाखवले आहे, ते पलीकडे आहे. उत्तर दिशा दिलेली नाही. वऱ्हाड गोव्याला पोचेल. वधूवरांस आशीर्वाद.' मुलीच्या बापाला ते वाचून काय वाटत असेल ते त्यालाच माहीत. पण बेळगावातल्या एका छापखानेवाल्यानं सरांच्या धास्तीनं पत्रिकेवर नकाशा छापायचंच सोडून दिलं, असं निपाणी सांगायचा. निपाणीच्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं. तरी निम्मं उरतंच.

निपाणी म्हणजे माझ्या वर्गातला मुलगा. सर कुणालाच नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. "नाव आईबापांनी एकदा ठेवलं आणि मोकळे झाले. गाव तुम्ही रोज पायाला लावून आणताय," म्हणायचे. त्यामुळं वर्गात एक निपाणी होता, एक खानापूर होती, हुबळीची दोन मुलं होती तर ती थोरली हुबळी आणि धाकटी हुबळी. मी बेळगुंदी. पहिले आठ दिवस राग आला. पुढं इतकी सवय झाली की बँकेत माझ्या खऱ्या नावाचा पुकारा झाला तरी मी बाकावर बसूनच राहायचे. आता बंगळुरात ऑफिसात सगळे मला नावापुढं मॅडम लावून बोलावतात. बरोबरच आहे ते. पण ती हाक कानापर्यंतच येते, आत काही हलत नाही.

आम्ही शिकत होतो ते शास्त्र म्हणजे शहर कसं बसवावं आणि त्यात माणसं इकडून तिकडं कशी न्यावीत. एम.टेक.ची दोन वर्षं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कमीपणानं सांगत नाही, मिरवून सांगते. आप्पा गावात सांगायचे, "पोरगी रस्त्याचं शिकायलीया." त्यावर कट्ट्यावरचं कुणीतरी हमखास म्हणायचं, "रस्त्याचं काय शिकायचं त्यात? डांबार वतलं की झाला रस्ता." एकदा मी हे सरांना सांगितलं, हसतील म्हणून. सर हसले नाहीत. खिशातली वही काढून लिहून घेतलं आणि म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे. दोन वर्षांत तुला उत्तर सापडलं तर मलाही सांग."

सर बेळगावचेच, चार पिढ्यांचे. घरी मराठी, बाजारात कन्नड, रागावले की इंग्रजी. अंगानं बारके, पांढरा बुशशर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, आणि दुसरा एखादा छत्री बाळगेल तसं हातात मापाचं चाक. लांब दांड्याला खाली एक चाक, त्याला आकड्यांची डबी. ढकलत चाललं की किती मीटर झाले ते डबीत दिसतं. रस्त्याची मापं घ्यायला आम्ही सगळेच ते वापरायचो, पण काम झालं की कपाटात ठेवून यायचो. सर ते घेऊन भाजीला जायचे.

त्यांच्याकडं एक स्कूटर होती. दर रविवारी ते तिच्यावरचं कापड काढत, ती पुसत, किक मारून सुरू करत, पाच मिनिटं आवाज ऐकत आणि बंद करून पुन्हा कापड घालत. मी एकदा विचारलं, "सर, चालवत का नाही?" म्हणाले, "गाडी चालू राहिली पाहिजे. चालवली पाहिजे असं कुठं आहे?" आतून काकूंचा आवाज आला, "विचारू नकोस गं बाई. लग्न ठरवायला आले तेव्हा मला गाणं येतं का, स्वैपाक येतो का, काही विचारलं नाही. विचारलं काय, तर तुमच्या घरापासून बाजार किती पावलं?" सर आत बघून म्हणाले, "सहाशे चाळीस. आणि तुला सांगता आलं म्हणून तर लग्न झालं."

कुठून आलात, कुठं निघालात, कशासाठी? वाहतुकीच्या कुठल्याही सर्वेक्षणात हे तीन प्रश्न असतात. सर ते फॉर्मशिवायच विचारत, कुणालाही. थांब्यावरच्या म्हाताऱ्याला, दवाखान्यात शेजारी बसलेल्याला, कन्नड बोलणारा दिसला तर "एल्लिगे होंटीरी?", कुठं निघालात म्हणून. माणसं आधी चमकून बघत आणि मग भडाभडा सांगत सुटत. मुलीचं बाळंतपण, कोर्टाची तारीख, हरवलेली म्हैस. एकदा पिरनवाडीत आम्ही मोजणीला उभे असताना समोरून प्रेतयात्रा आली. सर चाक खाली ठेवून उभे राहिले. निपाणी माझ्या कानात म्हणाला, "आता ह्यांना विचारू नयेत म्हणजे झालं, कुठं निघालात म्हणून." विचारलं नाही. पण माणसं पुढं गेल्यावर सर हळूच म्हणाले, "एवढी माणसं, एका दिशेनं, एका वेगानं, आणि एकालाही घाई नाही. हे गावात दुसऱ्या कशासाठी होत नाही."

त्यांचा तास वर्गात सुरू होई आणि रेल्वे गेटवर संपे. गेट पडलं की सरांचा चेहरा फुले. "आता बघा. एरवी नुसती गाडी दिसते. गेट पडलं की माणूस दिसतो." कोण इंजिन बंद करतो, कोण दांड्याखालून वाकून जातो, कोण शेजारच्याशी बोलायला लागतो, हे आम्ही लिहून काढायचं. पुस्तकात वाहतुकीला प्रवाह म्हणतात, पाण्याची गणितं तिला लावतात. सरांना ती सगळी तोंडपाठ होती, फळ्यावर झरझर लिहायचे. लिहून झालं की खडू ठेवत, हात झटकत आणि म्हणत, "हे सगळं खरं आहे. फक्त पाण्याला घरी जायचं नसतं, एवढं ध्यानात ठेवा."

आज माझ्यासमोर मोठा पडदा असतो. त्यावर रंगीत ठिपक्यांच्या गाड्या धावतात, कुठं तुंबल्या की लाल होतात, मी एक आकडा बदलला की पुन्हा हिरव्या. काम चांगलं आहे, मला येतं, आणि मान मिळतो. पण दुपारी कधीतरी वाटतं की आत्ता कुणीतरी मागून यावं, पडद्याकडं बघावं आणि विचारावं, "ह्यातला हा ठिपका कुणाकडं चाललाय?"

आता शून्याचं सांगते.

दुसऱ्या वर्षी प्रबंध असतो. माझा विषय आमच्या बाजूच्या गावांच्या बस: बेळगुंदी, मच्छे, पिरनवाडी. कुठल्या वेळेला बस वाढवावी, कुठली काढावी. मार्गदर्शक सर. घरोघरी जाऊन फॉर्म भरायचे. घरात माणसं किती, कोण काय करतं, आणि काल दिवसभरात कोण कितीदा कुठं गेलं. तीनशे घरं मी पायाखाली घातली. कुत्री मागं लागली, कुणी रेशनची बाई समजलं, कुणी मतदार यादीची. आकडे मांडले, आणि उत्तर निघालं: सकाळी मच्छेच्या कारखान्यांकडं बस कमी पडते, आणि दुपारी बाराला बेळगावहून सुटणारी बेळगुंदी बस कुणालाच लागत नाही. ती काढावी आणि सकाळी मच्छेकडं सोडावी. सरळ, स्वच्छ निष्कर्ष. मी खूश होते. मुलाखत होऊन बंगळुरच्या नोकरीचं पत्र आलं होतं, प्रबंध दिला की महिन्याभरात हजर व्हायचं होतं. गावात आप्पांनी पेढे वाटून झाले होते.

सर प्रबंध वाचताना शेवटचं पान आधी वाचत नसत, मधलंही नाही. ते मागं जोडलेले फॉर्म काढत. पहिला फॉर्म आमच्याच घरचा होता, हात बसावा म्हणून मी तो सगळ्यात आधी भरला होता.

"वडील, दोन प्रवास. भाऊ, दोन. तू, दोन. आई, शून्य," सरांनी वाचलं. "आई आजारी असतात का?"

"नाही सर. घरीच असतात."

"घरी म्हणजे कुठं?"

"घरी म्हणजे... घरात. शेतात. आठवड्यातनं चारदा रताळी, भाजी घेऊन बेळगावला बाजारात."

"म्हणजे जातात."

"बसथांब्यापर्यंत चालत जातात सर. आणि बाजार हा काही नोकरी नाही, रोजचा नाही. फॉर्मवरच सूचना आहे, किरकोळ चालणं धरू नये."

"किरकोळ कुणाचं?" सर म्हणाले, आणि फॉर्म मिटला. "परवा मी येतो. पहिल्या बसनं."

मला आईची लाज वाटत होती असं कुणी समजू नये. कॉलेजच्या संमेलनात मी तिला पहिल्या रांगेत बसवली होती, टोपलीसकट. ते शून्य मी लाजेनं लिहिलं नव्हतं. खात्रीनं लिहिलं होतं. कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं, आई कुठं जात नाही.

सर उजाडता उजाडता आले तेव्हा आई नळाच्या दोन खेपा करून मोकळी झाली होती. सर हळहळले, "दोन बुडाल्या." आईनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मास्तर, सायकल मोडली व्हय? येकच चाक घिऊन आलायसा."

"आक्का, तुम्ही रोजच्यासारखं चला. मी मागं आहे असं समजूच नका."

"कसं समजू नको? ते कुईकुई करतंय की." आणि तिनं आत जाऊन वाटीत गोडं तेल आणलं, चाकाच्या आसाला लावलं, मग कळशी उचलली.

असा सरांचा दिवस सुरू झाला. आई नळावर, सर मागं. आई गोठ्यात, सर मागं. आई डेअरीला दूध घालायला, सर मागं, डेअरीवाल्यानं विचारलं, "कोन पावनं?" आई म्हणाली, "माझं चालणं बघाय आलेत. बेळगावात बघण्यासारखं काय न्हाय वाटतं." मग रानात. रताळ्याच्या वेलातून चाक पुढं जाईना, सर ते उचलून बांधावरनं चालवायचे आणि वहीत टीप करायचे, 'बांध, आठ मीटर अदमासे.'

तिथंच घोळ झाला. आमच्या भागात माप घेणारा माणूस रानात दिसला की माणसं धावून येतात. आधी मोजणी येते, मग नोटीस येते, मग रस्ता येतो आणि रान जातं. शेजारच्या रानातनं दोघे आले, पलीकडनं चौघे. हातात विळे होते, काम चालू होतं म्हणून. पण सरांना ते कुठं माहीत?

"ओ साहेब! कुनाच्या रानातनं घालायलायसा रस्ता?"

"रस्ता नाही हो. मी ह्या बाईंचं चालणं मोजतोय," सर म्हणाले. खरंच होतं ते, पण खरं कधीकधी ऐकायला फार खोटं वाटतं.

"आमास्नी खुळं समजलासा व्हय? चालनं कोन मोजतंय? कागद दावा!"

सरांनी वही दाखवली. त्यात लिहिलं होतं, 'नळ ते गोठा. गोठा ते डेअरी.' त्यानं संशय आणखी वाढला. एकानं चाकाच्या दांड्याला हात घातला. मी पुढं होऊन 'सर्वेक्षण', 'प्रबंध' असले शब्द बोलायला लागले, ते ऐकून तर सगळे आणखी जवळ आले. तेवढ्यात आईनं डोक्यावरचा वैरणीचा भारा धाडकन खाली टाकला आणि कमरेवर हात ठेवले.

"आरं, माझंच मोजायलेत! तुमच्या बायकांचं बी मोजाय लावू काय? मग कळंल कुनाच्या रानात कोन राबतंय!"

मग बांधापलीकडं खुरपणाऱ्या बायकांत खसखस पिकली, त्यातली एक म्हातारी ओरडली, "मास्तर, हिचं झालं की माझं बी मोजा! आमचा म्हातारा म्हनतोय मी दिसभर बसून असती!" पुरुष एकमेकांकडं बघत विळे घेऊन आपापल्या रानात गेले. सरांनी वहीत नवं पान उघडलं आणि त्या म्हातारीचं नाव खरोखर लिहून घेतलं.

नऊच्या बसला आई रताळ्याची टोपली घेऊन थांब्यावर. सर चाक घेऊन. कंडक्टर म्हणाला, "सार, चाकाला लगेज पडतंय बघा." बायकांना सरकारी बस फुकट झाल्यापासून आईला मिळतं ते शून्य रुपयाचं तिकीट. इतर बायका ते उतरताना टाकून देतात. आईनं घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवलं. सरांनी विचारलं, "आक्का, फुकटचं तिकीट जपून कशाला?"

"फुकट असलं म्हून काय झालं? मी गेलती ह्येचा कागद हाय तो."



परतीला आम्ही बारा वाजताच्या बसमध्ये चढलो. कुणालाच लागत नाही म्हणून मी काढायला सांगितलेली ती बस. पाय ठेवायला जागा नव्हती. रिकाम्या टोपल्या एकात एक घातलेल्या, पिठाचे डबे, औषधाच्या पिशव्या, दवाखान्यातनं परतलेली एक बाळंतीण. पुरुष मोजून तीन: ड्रायव्हर, कंडक्टर आणि सर.

दुपारनंतर पुन्हा रान, पुन्हा गोठा, पुन्हा नळ. दिवस कलताना आई दळणाचा डबा घेऊन गिरणीला निघाली आणि गिरणीच्या अलीकडं सर एकदम थांबले. सकाळी शून्यावर आणलेले चाकाच्या डबीतले आकडे नऊ हजार नऊशे नव्याण्णववर आले होते. सरांनी चाक एक वीत पुढं ढकललं. सगळे नऊ गेले आणि सगळी शून्यं आली. त्यापुढचं त्या डबीला मोजताच येत नव्हतं.

"चाक संपलं, बेळगुंदी," सर म्हणाले. मी त्यांचा तसा आवाज आधी ऐकला नव्हता. "तीस वर्षांत कधी संपलं नव्हतं. आक्का संपल्या नाहीत."

आई पुढून ओरडली, "बिघडलं व्हय? म्या म्हनलं हुतं, तेल कमी पडलं!"

दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर माझे तीनशे फॉर्म होते.

"जिथं बाईसमोर शून्य आहे तिथं परत जा."

"म्हणजे सगळीकडंच जावं लागेल सर."

"मग सगळीकडं."

"तीन-चार महिने जातील. नोकरी जाईल."

"दुसरी मिळेल."

मग माझा तोल गेला. "तुम्हाला म्हणायला काय जातंय सर? तुमच्या घरात चार पिढ्या शिकलेल्या. आमच्यात मी पहिली आहे. माझ्याकडं बघून गावातल्या दोन पोरींना आईबाप कॉलेजला घालायला निघालेत. मी मागं राहिले तर त्यांनाही घरीच बसवतील. आणि प्रबंध वाचतं कोण? कपाटात जातो. बस काय माझ्या कागदानं बंद होणार आहे?"

सर सगळं ऐकून घेत होते. मधेच त्यांनी माझ्यापुढं पाण्याचा पेला सरकवला. मी थांबल्यावर म्हणाले, "हेच शून्य निपाणीनं लिहिलं असतं तर मी सही केली असती. त्याला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं."

मी तिसऱ्या दिवशी विभागप्रमुखांना अर्ज दिला, वेळेअभावी मार्गदर्शक बदलून मिळावा. असे अर्ज होतात, त्यात बेकायदा काही नाही. त्याला जुन्या मार्गदर्शकाची नाहरकत लागते. मी कागद घेऊन सरांकडं गेले. सरांनी वाचलं, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि सही केली. सरांची सही माझ्याकडं आहे ती तेवढीच.

प्रबंध वेळेत गेला. शून्यासकट. डिस्टिंक्शन मिळाली. बारा वाजताची बस अजून चालू आहे, माझं कुणी ऐकलं नाही म्हणून. सर त्यानंतर माझ्याशी पूर्वीसारखेच वागले, पूर्वीसारखीच हाक मारायचे. मला वाटायचं, एकदा रागवावं. इंग्रजीत रागवावं. ते रागावले असते तर मलाही पाय धरता आले असते.

गेल्या वर्षी निपाणीचा फोन आला. "बेळगुंदी, सर गेले गं." सकाळी चालून आले, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत गेले. मी ऑफिसात होते. पडद्यावर ठिपके धावत होते, मी ते बंद केले नाहीत. मला त्या नावानं मारलेली ती शेवटची हाक. निपाणीही आता मला माझ्या नावानंच बोलावतो. त्यालाही ती जुनी हाक जमत नसावी.

सुट्टीला घरी गेले की मी कोरे फॉर्म घेऊन निघते. बेळगुंदीत, मच्छेत, पिरनवाडीत, त्याच घरांत. बायका आधी म्हणतात, "मी कुठं जातीया?" मग मी पेन खाली ठेवून बसते, आणि तासाभरानं रकाना भरून कागदाच्या पाठीवर लिहावं लागतं. एकशे अकरा घरं झालीत. मागच्या खेपेला आई म्हणाली, "आता कुनाला दावनार हाईस?" कौतुक करायला माणसं आहेत. आधी मागचे फॉर्म काढून बघणारं कुणी नाही.

सर आठवले की हे काही डोळ्यापुढं येत नाही. येतो तो मी बंगळुरला निघाले तो दिवस.

दुपारची बस होती. आई बाजार उरकून टोपलीसकट स्टँडवर आली होती. सर येतील असं मला वाटलं नव्हतं. ते चालत आले, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, हात मोकळे. मी खिडकीशी बसले होते आणि ते दोघं खाली उभे राहून माझ्याशी न बोलता एकमेकांशीच रताळ्याच्या भावाचं बोलत होते. मधेच आईनं विचारलं,

"मास्तर, पोरीचं पुस्तक कसं झालंय?"

सरांना खोटं बोलता येत नसे.

"बांधणी छान झालीय, आक्का. सोनेरी अक्षरं."

"ते दावलंय तिनं. आत काय हाय?"

सरांनी माझ्याकडं बघितलं नाही. "आत तुम्ही राहून गेलात, आक्का."

आई मोठ्यानं हसली. "मी कशाला वो पुस्तकात? मला काय वाचाय येतंय?" मग वर बघून मला म्हणाली, "पोचलीस की फोन लाव. वक्ताला जेव. चला मास्तर, आमची बाराची जाईल."

"सांभाळून जा, बेळगुंदी," सर म्हणाले, आणि दोघं निघाले.

कंडक्टरचा हिशेब जुळेना म्हणून आमची बस पाच मिनिटं उशिरा हलली. फाटकाबाहेर वळली आणि कचकन थांबली. समोर रस्त्याच्या मधोमध ते दोघं होते. पलीकडं, बेळगुंदीची बस लागते तिकडं चाललेले. आईच्या डोक्यावर रिकामी टोपली, आणि गाड्या येतात त्या बाजूला सर, एक हात वर केलेला. एक मोटारसायकल आडवी गेली तशी आई थांबली. सरही थांबले. आई टोपली सावरेपर्यंत ते हात वर धरून उभे होते.

आमच्या ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला नाही. "ओ सार, लगूना नडीरी!" लवकर चला म्हणून तो ओरडला. माझ्या मागचं कुणीतरी म्हणालं, "ही माणसं असं चालतात म्हणून तर ट्रॅफिक होतंय." दार उघडंच होतं, कंडक्टर दांडीला धरून उभा होता. खाली उतरायला दोन पायऱ्या होत्या. सरांनी एकदाही मान वळवून बघितलं नाही, थांबलेली बस कुठली आहे ते.

मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते. दोघं फुटपाथवर चढले, रस्ता मोकळा झाला, आणि आम्ही निघालो.